आवाज तुटतोय

३ मार्च, सोमवार

अखेर बिऱ्हाड हललं. सकाळी नऊला टेम्पो आला, अकरापर्यंत सामान वर चढलं आणि आत्ता संध्याकाळचे सहा वाजताहेत तर मी चहाचा कप घेऊन टेबलाशी ऐसपैस बसलेय. एकही कप फुटला नाही. एकोणीस खोक्यांतली सोळा उघडून झाली. उरलेल्या तिन्हींत काय आहे ते आठवत नाही, म्हणजे त्यांच्यावाचून काही अडत नाही.

घर मनासारखं मिळालं. खाली शिवणकामाचं दुकान, वर मी. खालचे टेलर हेच घरमालक. गळ्यात टेप, कानावर खडू. माझं कपाट जिन्यातून जाईल की नाही हे त्यांनी नुसत्या नजरेने सांगितलं आणि दोन बोटं राखून ते गेलंसुद्धा. मागच्या बाजूला स्वयंपाकघर, मध्ये झोपायची छोटी खोली, रस्त्याच्या बाजूला मोठी खोली आणि सगळ्यांना जोडणारी लांब, अरुंद वाट. माझी अठरा पावलं भरली. एकट्या बाईला एवढं घर म्हणजे चैनच. पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल लावलंय. समोर चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे दिवसभर शंभरेक चष्मे माझ्याकडे बघत असतात.

दुपारी नेटवाले काका येऊन गेले. पन्नाशी उलटलेली, खिशात चार पेनं आणि चालत एकही नाही. सहीसाठी शेवटी माझंच घेतलं. राऊटर त्यांनी पुढच्या खोलीत दाराजवळ, अगदी जमिनीलगत बसवला, कारण प्लगची जागा तिथेच आहे. म्हणाले, बाई, आता नेट असं पळेल की तुम्हीच म्हणाल, जरा दम खा बाबा.

पळायलाच हवं. माझं पोट त्यावर आहे. डॉक्टर पेशंट तपासतात, तपासून झालं की बोलून ठेवतात. ते बोलणं माझ्याकडे येतं, मी ऐकते, टाइप करते, परत पाठवते. कानावर हेडफोन आणि पायाखाली एक पट्टी. ती दाबली की बोलणं तीन सेकंद मागे जातं. जो शब्द काही केल्या कळत नाही तिथे ‘अस्पष्ट’ लिहायचं असा नियम आहे. तोंडात घास घेऊन बोलणारे डॉक्टर, पंख्याखाली पुटपुटणारे डॉक्टर, सगळे पचवलेत मी. चौदा वर्षांत सगळ्यात कमी ‘अस्पष्ट’ माझ्या पानांवर आहेत. ऑफिसात मला ‘कान’ म्हणूनच ओळखतात.

ही वही धाकट्याच्या हट्टापायी. माझा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण आई गेल्यापासून तोच थोरला झालाय. ताई, बोलत नाहीस तर निदान लिहीत जा, म्हणाला. लिहिते बाबा.

५ मार्च, बुधवार

पडदे लागले. सगळी खोकी संपली. एकात नुसत्या झाकणांचा ढीग निघाला, डबे कुठे गेले देव जाणे.

आज एकच विघ्न. हाडांच्या डॉक्टरांची मोठी फाइल पाठवत होते, नव्वद टक्के गेली आणि नेट गेलं. दोनेक मिनिटांनी आपलं आपणच आलं. फाइल पुन्हा पहिल्यापासून. नेट आणि पाहुणे, दोघांचं येणं-जाणं आपल्या हातात नसतं.

७ मार्च, शुक्रवार

आज पुन्हा. काल आणि परवाही असंच झालं होतं, म्हणून आज घड्याळ बघून ठेवलं. चार सत्तेचाळीस. आणि कालच्या अडकलेल्या फाइलवर वेळ पाहिली, तर तिच्यावरही चार सत्तेचाळीस.

मग संध्याकाळभर तेच करत बसले. कॉम्प्युटरची तार बदलली. राऊटर भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून पाहिला. शेवटी कंपनीच्या नंबरावर फोन लावला. तिथल्या बाईंनी फार गोड आवाजात सांगितलं की मॅडम, राऊटर बंद करा, दहा मोजा आणि परत चालू करा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच होतं.

हे मला कोणी सांगायला नको. मीच आईला शिकवलं होतं. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून तिच्या राऊटरच्या वर चिकटवलं होतं. ‘पांढरी वायर. प्लग काढ. दहा मोज. परत लाव.’ तिला टॅबलेटवर माझा चेहरा दिसायला हवा असायचा, आणि नेट गेलं की ती कावरीबावरी व्हायची.

आईला जाऊन सात महिने झाले. त्याबद्दल आज नको.

१० मार्च, सोमवार

नेटवाले काका आले. तासभर होते. शिडी लावून बाहेरची तार तपासली, जिन्यातलं जोडणीचं खोकं उघडून पाहिलं, यंत्र लावून आकडे बघितले. सगळं चोख. मग मोबाइलवर आमच्या लाइनची नोंद काढली आणि त्यांचा चेहरा जरा विचारात पडला.

त्यांनी समजावलं ते असं. तार तुटली किंवा खांबावर बिघाड झाला तर राऊटर एकदम गप्प होतो, कंपनीला काहीच कळत नाही. पण त्याची वीज काढली तर तो बंद पडता पडता उरल्यासुरल्या ताकदीवर एक निरोप पाठवतो, वीज गेली, मी चाललो म्हणून. या निरोपाला त्यांच्यात शेवटची धाप म्हणतात. माझ्या राऊटरकडून रोज चार सत्तेचाळीसला शेवटची धाप येतेय. मंगळवारपासून एक दिवस चुकलेला नाही.

म्हणजे बाई, लाइन जात नाहीये, म्हणाले, कोणीतरी प्लग काढतंय आणि परत लावतंय. घरात लहान मूल आहे का, मांजर आहे का, असं विचारलं. मी एकटी आहे म्हटल्यावर हसून म्हणाले, मग तुमचा प्लगच भटका असेल.

भिंतीवरचं सॉकेट बदललं, नवा प्लग दिला. चार सत्तेचाळीसला मी स्वयंपाकघरात कप विसळत होते. पुढे येऊन बघते तर राऊटरचे दिवे एकेक करत पेटत होते, आत्ताच उठल्यासारखे.

११ मार्च, मंगळवार

प्लगवर चिकटपट्टी लावली, आडवी-उभी, चांगली चार पदरी. चार पन्नासला पाहिलं तर प्लग जागेवर आणि पट्टी सोललेली. ओरबाडून नव्हे. नखाने कड शोधून, हळूहळू, पूर्ण सोललेली. पट्टी गुंडाळून बाजूला ठेवली होती.

संध्याकाळी टेलर वर आले. फार संकोचाने म्हणाले, राग मानू नका, पण दुपारी साडेचारच्या सुमारास तुम्ही सामान सरकवता का? रोज होतं म्हणून विचारलं. सामानच असं नाही, एखादं पोतं ओढावं तसं. थोडं ओढलं, थांबलं, परत थोडं. मागून पुढे.

मी सांगितलं की हो, कपाट हलवतेय. माफी मागितली.

खोटं किती पटकन येतं मला. विचारसुद्धा करावा लागत नाही.

१२ मार्च, बुधवार

आज लिहून टाकते. धाकटा म्हणतो वहीशी तरी खरं बोल.

आईचा फोन रोज साडेचारला यायचा. ही वेळ मी ठरवून दिली होती, नाहीतर ती दिवसभर करायची. त्या दिवशी माझ्याकडे एका सर्जनची फाइल होती, पाचला द्यायची. साडेचारला टॅबलेटवरून तिचा फोन आला. पडद्यावर चेहरा नाही, तिच्या स्वयंपाकघराचं छत आणि ट्यूबलाइट. मला वाटलं, धरला असेल नेहमीसारखा उलटा.

ती म्हणाली, अगं, मी पडले. ओट्यापाशी. डावा हात उचलत नाहीये. कोणाला तरी सांग ना.

मला प्रत्येक शब्द ऐकू आला. डॉक्टर अर्धवट गिळतात ते शब्द मी ओळखते, आणि ही तर माझी आई.

याआधी दोनदा ‘पडले’ म्हणाली होती. एकदा पलंगावरून घसरून खाली बसली होती आणि एकदा नुसती चप्पल निसटली होती. दोन्ही वेळा मी शेजारणीला पळवलं, शेजारीण हसली आणि माझी मान खाली गेली. आणि माझी बारा मिनिटांची फाइल उरली होती. मी म्हटलं, आई, आवाज तुटतोय तुझा. काही कळत नाही. राऊटर बंद करून चालू कर, मग करते मी फोन.

आठवड्यातून दोन-तीनदा म्हणायचे मी हे वाक्य. दार लोटून घ्यावं तसं. आवाज कधीच तुटत नव्हता.

पाच वीसला फोन केला, उचलला नाही. वाटलं, रुसली असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणीने दार फोडवलं. बाहेरचं दार स्वयंपाकघरापासून चार पावलांवर होतं. आई तिथे नव्हती. ती उलट्या दिशेला, पुढच्या खोलीत, राऊटरपाशी सापडली. अंग ओढत गेली होती. उजव्या हातात प्लग होता.

टॅबलेटवर तिची शेवटची ऑनलाइन वेळ दिसत होती. चार सत्तेचाळीस.

डॉक्टर म्हणाले, जीव मध्यरात्रीपर्यंत होता. दोन-तीन तासांत आणलं असतं तर.

धाकट्याने मला एकदाच विचारलं, ताई, दाराकडे जायचं सोडून ती तिकडे का गेली असेल? मी म्हटलं, मला काय माहीत, तिचं नेट खराब होतं, मला एक अक्षर कळलं नाही. तो म्हणाला, तुला नाही कळलं म्हणजे कोणालाच कळलं नसतं. आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

१३ मार्च, गुरुवार

घरात थांबायचं धाडस नव्हतं. वाटेच्या मधोमध मोबाइल ठेवला, आवाज टिपायला लावला आणि सव्वाचारला खाली टेलरांकडे जाऊन बसले. उसवलेली उशी नेली होती, निमित्त म्हणून.

साडेचारला वर सुरू झालं. टेलरांनी मशीन थांबवलं. आम्ही दोघंही छताकडे बघत होतो. ओढल्याचा आवाज स्वयंपाकघराच्या वरून निघाला, थांबला, परत निघाला. टेलरांनी हळूच विचारलं, वर कोण आहे?

माझ्या तोंडून निघून गेलं, आई आहे माझी.

टेलर उठून उभे राहिले. मग चांगलेच रागावले. म्हणाले, म्हातारं माणूस असं फरफटत चाललंय आणि तुम्ही उशी घेऊन इथे बसलात? जा आधी वर. मी येऊ का हात द्यायला?

नको म्हटलं. जिन्यात जाऊन बसले. पाच वाजेपर्यंत आत पाऊल टाकलं नाही.

मग हेडफोन लावले. पायाने पट्टी दाबत, तीन-तीन सेकंद मागे जात ऐकलं. हे माझं काम आहे, त्यामुळे हात आपोआप चालत होते. जे उतरवलं ते असं:

४.३१. कापड जमिनीवर घासल्याचा आवाज. धाप.
४.३४. ‘आवाज तुटतोय म्हणाली.’
४.३८. अस्पष्ट.
४.४०. ‘कामात असते ती. तिला त्रास नको.’
४.४३. अस्पष्ट. रडणं किंवा खोकला.
४.४५. ‘पांढरी. पांढरी वायर.’
४.४७. ‘एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात.’ थांबते. परत ‘एक. दोन.’

सातच्या पुढे तिला आठवत नाही. तीन वेळा पहिल्यापासून मोजते. म्हणून नेट कधी मिनिटात येतं, कधी चार मिनिटांत.

४.५०. ‘झालं असेल आता. करेल ती फोन.’

नंतर काही नाही. नुसता श्वास, मी वर येऊन मोबाइल बंद करेपर्यंत. म्हणजे मी मोबाइल उचलायला वाकले तेव्हाही.

१४ मार्च, शुक्रवार

राऊटर कपाटाच्या डोक्यावर ठेवला. लांब तार लावली, वरच्या सॉकेटमध्ये. तिचा हात पोचणार नाही तिथे. आणि टेबलाशी बसून राहिले, पाठ फिरवून. जे व्हायचं ते होऊ दे म्हटलं.

चार सत्तेचाळीस झाले, नेट गेलं नाही. मग कपाटाच्या लाकडावर नखं वाजू लागली. खालून वर, आणि घसरून खाली. परत खालून वर. साडेपाच वाजले तरी चालूच. मध्येमध्ये कण्हणं.

मी कान झाकले. मग लाज वाटली. सत्तर वर्षांची बाई, एका हाताने, आणि मी काय केलं तर प्लग आणखी उंच ठेवला.

उठले. कपाटाकडे न बघता स्टूल घेतलं, चढले, प्लग काढला, तार धरून तो खाली जमिनीकडे सोडला. कोणीतरी तो माझ्या हातातून घेतला. हिसकावून नाही. हळूच. लहानपणी ती माझ्या हातून कात्री काढून घ्यायची तसा.

कपाटावर ओरखडे आहेत. गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत. त्याच्या वर एकही नाही.

१५ मार्च, शनिवार

नेटवाल्या काकांना फोन करून लांब तार मागवली आणि राऊटर स्वयंपाकघरात आणला. ओट्याच्या खाली, जमिनीवर. म्हटलं निदान तिला इतकं लांब यायला नको.

चार तेहेतीसलाच नेट गेलं. मोजणं पुढच्या खोलीत ऐकू आलं, आता हेडफोन लागत नाहीत. सात. परत एक. मग नेट आलं. मग तिचा आवाज, झालं असेल आता, करेल ती फोन.

मी बसून राहिले. काय करणार होते? कोणत्या नंबरावर करू?

चार चाळीसला ओढणं परत सुरू झालं. स्वयंपाकघरातून. पण राऊटर तर तिथेच आहे. मग ती कुठे निघाली? वाटेने पुढे, पुढच्या खोलीकडे. माझ्याकडे.

दार लावून घेतलं. ती दारापाशी थांबली. दारावर थाप पडली. अगदी खाली, उंबऱ्याजवळ. तीनदा. मग गप्प.

मी दार उघडलं नाही. दाराच्या फटीतून गार हवा येत होती आणि मी पाय वर घेऊन खुर्चीत बसले होते. दिवे लागायची वेळ होईपर्यंत.

१७ मार्च, सोमवार

धाकट्याला सकाळी फोन केला. साधा फोन, नेटवरचा नाही. सगळं सांगितलं. ती काय म्हणाली, मला काय ऐकू आलं, मी काय म्हटलं आणि ती राऊटरकडे का गेली. या घरातलं काहीच सांगितलं नाही, फक्त त्या दिवसाचं. सहा मिनिटं मी एकटीच बोलत होते.

त्याच्या खोलीतलं घड्याळ ऐकू येत होतं. खुर्ची करकरली. त्याने एकदा श्वास घेतला, बोलायला घेतात तसा, आणि सोडून दिला. मागे भावजयीने त्याला विचारलं, काय झालं हो?

मग तो म्हणाला, ताई, आवाज तुटतोय तुझा. नंतर करतो.

आणि ठेवला.

लाइन स्वच्छ होती. माझे कान चुकत नाहीत.

त्याचा फोन आला नाही.

१८ मार्च, मंगळवार

नेट बंद करून टाकलं. काका राऊटर न्यायला आले. जाता जाता वाटेतल्या फरशीकडे बघत उभे राहिले. मधोमध एक हातभर रुंद पट्टा आहे, बाकीच्या फरशीपेक्षा गुळगुळीत. घरात कोणी आजारी आहे का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, होती. ते म्हणाले, एवढ्या तेवढ्याने नेट सोडू नका बाई, दुसरी जोडणी करून देतो. मी नको म्हटलं. त्यांनी खिशातली चारी पेनं चालवून बघितली आणि परत माझंच घेतलं.

ऑफिसला कळवलं, काही दिवस काम जमणार नाही.

भिंतीवरचं सॉकेट मोकळं आहे. आता काढायला काही नाही. तिला कळेल. थांबेल ती.

१९ मार्च, बुधवार

नाही थांबली.

साडेचारला निघाली. आधी ओट्याखाली चाचपत होती. तिथे नाही. मग वाटेत. मग पुढे, दाराजवळच्या जुन्या जागी, भिंतीवरून हात फिरवत. मी झोपायच्या खोलीत दाराआड. ‘पांढरी, पांढरी’ चाललंय. सापडत नाही तिला —

फ्रिज बंद पडला. मग टेबलावरचा दिवा. मग पंखा. हाताला येईल तो प्लग काढतेय. प्रत्येक वेळी मोजते. सात. एक. सात. एक.

सहा वाजेपर्यंत. घरभर वायरी पडल्यात.

टेलर जिन्यात भेटले. आई कशी आहे, विचारत होते. बरी आहे म्हटलं.

परत खोटं.

२० मार्च, गुरुवार. दुपार

धाकट्याचा फोन नाही. मी केला, त्याने उचलला नाही. त्याला काय म्हणू, मी कोणत्या तोंडाने म्हणू.

सगळे प्लग काढून ठेवलेत. तिला शोधायला काही नको. सगळी दारं उघडी ठेवलीत. टेबलाशी बसलेय, पाय जमिनीवर. आज उचलणार नाही.

तिला सांगायचंय. ऐकू येतंय मला, एवढंच. तेव्हाच सांगायला हवं होतं —

४.३०

निघाली.

४.३६. वाटेत आहे. थांबते, धाप टाकते. मी उठून हात द्यायला हवा. उठवत नाही मला. वही पुढे आहे म्हणून लिहितेय. लिहिणं थांबवलं तर ओरडेन —

४.४१. खोलीत आली. मागे बघत नाही. दाराजवळ चाचपतेय. तिथे काही नाही आई. नेलं ते. नाहीये —

४.४४. इकडे वळली.

टेबलाखाली

पायावर हात. गार. उजवा. डावा उचलत नाही तिला. घोट्यावरून बोटं फिरवतेय. काय आहे ते बघतेय —

म्हटलं. मोठ्याने म्हटलं. आई, ऐकू येतंय मला. आवाज तुटत नाहीये. ऐकू येतंय.

थांबली.

हात तिथेच आहे.

बोलली. टेबलाखालून. इतकं स्पष्ट की समोर बसून बोलावं. म्हणाली, मग त्या दिवशी?

तोंड उघडतेय, आवाज निघत नाही. आई, लिहून सांगते. थांब. लिहितेय —

हात गुडघ्यावर आला. वर येतेय. वाचायला येतेय ती. टेबलाच्या कडेला केस दिसताहेत, पांढरे, फरशीची धूळ लागलेले. कपाळ —

आई, त्या दिवशी मला सगळं स्पष्ट ऐकू